‘दार’ म्हणजे दोरा : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वर्गाच्या नोंदी

18 जून 2024, मंगळवार

शाळा शनिवारी उघडली, काल बकरी ईदची सुट्टी होती, म्हणजे खरा पहिला दिवस आजच. हिशेब माझ्याकडे गेली चार वर्षं आहेच. या वर्षी मोठ्या बाईंनी ही वहीही हातात दिली. म्हणाल्या, “काका, पैसे कुठं गेले ते तुम्ही लिहिता. त्या पैशांचं वर्गात काय झालं तेही लिहा.” म्हणून लिहितोय.

नव्या माणसाला समजावं म्हणून थोडक्यात. शाळा लोकांच्या देणगीवर चालते. बालवाडी ते चौथी, चार खोल्या, त्यातल्या दोन पत्र्याच्या. मुलं आसपासच्या वस्तीतली. बहुतेकांची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. घरची भाषा तेलुगू. यांचे पणजे-खापरपणजे तेलंगणातून आले, गिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीनं. गिरण्या गेल्या, माणसं इथलीच झाली. सोलापूर बोलतं मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि यातल्या दोन-तीन भाषा तर प्रत्येकाच्या तोंडी असतातच. पण सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी एकच असते, आईची. ते मराठी शाळेत येऊन बसतं तेव्हा पहिले सहा महिने गप्प राहतं आणि आपण त्याला “मंद” म्हणून मोकळे होतो.

प्रकल्प एवढाच: पहिली-दुसरीच्या वर्गात बाईंच्या जोडीला तेलुगू बोलणारी एक मदतनीस, पूर्ण वेळ. सगळे तिला अक्का म्हणतात. शब्द दोन्ही भाषांत चालतो, सोयीचं झालं. अक्का सातवीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकलेली, मार्चपर्यंत विड्या वळत होती. मानधन महिना 6,000. हाताशी आत्ता ऑगस्टअखेरपर्यंतचेच पैसे आहेत.

25 जून

आजचा प्रसंग सविस्तर लिहितो.

पाऊस तिरपा येत होता, पाणी आत येऊ लागलं. दाराजवळ पहिलीतला एक मुलगा बसला होता. बाई म्हणाल्या, “अरे, दार लाव.” तो लगेच उठला. दाराकडे गेलाच नाही. कोपऱ्यात मणी ओवायची टोपली असते, तिच्यातलं दोऱ्याचं रीळ घेऊन आला आणि बाईंपुढं धरून उभा राहिला. बाकीची पोरं खो-खो हसली, कारण बरीचशी दुसरीतली, त्यांना ‘दार’ आता माहीत झालंय. मुलाचा चेहरा पडला. बाईही वैतागल्या होत्या, वह्या भिजत होत्या.

अक्कानं आधी जाऊन दार लावलं. मग त्याच्या हातातलं रीळ घेतलं आणि बाईंना म्हणाली, “बाई, बरोबर आणलंय त्यानं. आमच्यात दारम् म्हणजे दोरा.”

विडी बांधायला दोरा लागतो. आई सूप मांडीवर घेऊन बसली की दिवसातून दहा वेळा हाक मारते, “दारम् तीसुकु रा”, दोरा घेऊन ये. पोरगं उठतं, आणून देतं. आज शाळेत कोणीतरी ‘दार’ म्हणालं, तो उठला, आणून दिलं. ऐकणारा, चटकन उठणारा, कामाचा मुलगा. अक्का नसती तर आजच्या दिवशी तो वर्गात ढ ठरला असता, आणि उद्यापासून दाराजवळ बसला नसता.

नंतर बाईंनी फळ्यावर दोन चित्रं काढली, दार आणि दोरा. खाली दोन्ही भाषांतले शब्द घेतले. सगळ्या वर्गानं चार वेळा म्हटले. त्या मुलानं सगळ्यात मोठ्यानं.

3 जुलै

पालकांची सभा. अठ्ठावीस घरांतून आया आल्या, वडील तिघेच, माग बंद ठेवून येणं परवडत नाही.

मागच्या रांगेतल्या एका आईनं सरळ विचारलं, “तेलुगू घरात येतंयच की काका. त्याच्यासाठी शाळेत कशाला घालायचं? इंग्लिश शिकवा की.” मान डोलावणाऱ्या बऱ्याच होत्या.

प्रश्न अगदी रास्त आहे. तिला पोराला विडीच्या सुपापासून लांब न्यायचंय आणि तिला दिसणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांच्या तोंडी इंग्रजी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 मला पाठ आहे, त्यात शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. तिच्यापुढं कलमं काढण्यात अर्थ नव्हता. मोठ्या बाई म्हणाल्या, “तिसरीपासून गणित-विज्ञान सेमीत आहेच. त्याआधी पोरगं बोलायला तर लागू द्या. तुम्ही एक दिवस येऊन वर्गात बसा.” ती म्हणाली, “काम घेऊन येऊ?” बाई म्हणाल्या, “घेऊन या.”

16 जुलै

गणित. बाई म्हणाल्या, “पंचवीस लिहा.” दुसरीतल्या एका मुलीनं 52 लिहिले. तिच्याजवळच्या दोघींनीही.

ही चूक मराठी मुलंही करतात, कारण आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. तेलुगूत सरळ असतं: इरवै ऐदु, वीस पाच. जसं बोलायचं तसंच लिहायचं. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा विरोधातच बोललो होतो, एकवीस-बावीस म्हणणारी आपली जीभ मोडू नये म्हणून. आज या मुलीची पाटी पाहून माझं मत बदललं. शब्द आपलेच ठेवावेत, पण त्यांच्यापर्यंत जायला पायरी हवी.

अक्कानं ती पायरी दिली. तिला घरातलंच उदाहरण सापडलं. विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, पंचवीसचा. “कट्टाल एन्नि?” तिनं विचारलं, किती कट्टे झाले. मुलगी म्हणाली, चाळीस कट्ट्यांचे हजार. न अडखळता. 25 कसे लिहायचे हे जिला कळत नव्हतं तिला 40 गुणिले 25 तोंडपाठ आहे, कारण संध्याकाळी आईबरोबर ती कट्टे मोजते. (ती मोजते याचा मला आनंद नाही. तिनं संध्याकाळी खेळावं.) मग इरवै ऐदु म्हणत 2 आणि 5 लिहिले, मग त्याच आकड्याला पंचवीस म्हटलं. आठवडाभर हाच क्रम ठेवायचा ठरला.

बालभारती आठ भाषांत पुस्तकं काढते, त्यांत तेलुगू आहे. गणिताची दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली, धडे तेच, चित्रं तीच. ज्यांना असा वर्ग सुरू करायचाय त्यांनी आधी ही दोन पुस्तकं घ्यावीत, बाकीचं साहित्य नंतर.

30 जुलै

पाणी आलं. आज हजेरी निम्मी. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, त्या दिवशी मोठी भावंडं हंडे-पिंप भरायला घरी थांबतात. हजेरीपटावर पाण्याच्या दिवसाला खूण करायला सुरुवात केली, म्हणजे नवं काही शिकवायचं ते त्या दिवशी ठेवणार नाही.

12 ऑगस्ट

पैशांचं. ऑगस्ट संपला की अक्काच्या मानधनाची सोय नाही.

एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागाकडे अर्ज केला होता. त्यांची दोन माणसं आली, चांगली माणसं होती, तासभर वर्गात बसली. शेवटी म्हणाली, वीस टॅब्लेट देतो, भिंती रंगवून देतो, नावाची पाटी लावा. मानधन मात्र नाही, “पगार प्रशासकीय खर्चात जातो, त्याला 5 टक्क्यांची मर्यादा आहे.”

मी रात्री बसून नियम काढले. कंपनी कायदा 2013, कलम 135, नफ्याच्या सरासरीच्या 2 टक्के हे सर्वांना ठाऊक असतं. जानेवारी 2021 च्या सुधारित नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्या दिलीय: कंपनीचा स्वतःचा, त्या कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाचा खर्च. एखाद्या ठराविक प्रकल्पाच्या अंमलबजावणीवर थेट झालेला खर्च त्यातून वगळलाय. अक्का वर्गात बसून शिकवते, तीच तर प्रकल्पाची अंमलबजावणी आहे. तिला वगळलं तर प्रकल्प म्हणून काय उरतं? सविस्तर पत्र लिहून पाठवलंय.

हे दुःख सगळ्या छोट्या शाळांचं आहे. बाकं मिळतात, दप्तरं मिळतात, पंखे मिळतात, एका वर्षी तीन वेळा वह्या मिळाल्या. शिकवणाऱ्या बाईचा पगार कोणी देत नाही, कारण पगाराचा फोटो निघत नाही.

19 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, मार्कंडेय रथोत्सव. शाळेला सुट्टी. पूर्व भाग रस्त्यावर होता. मिरवणुकीत ‘दार’वाला मुलगा वडिलांच्या खांद्यावर भेटला. मला पाहून ओरडला, “काका!” आणि बापाला तेलुगूत काहीतरी सांगितलं. बाप यंत्रमागावर आहे. म्हणाला, “जॅकार्डची जुनी पुठ्ठं पडून आहेत, शाळेला चालतील का?”

27 ऑगस्ट

पुठ्ठे आले, दोन पोती. जॅकार्डच्या मागावर नक्षी या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवरून उतरते, चादरीवरचा मोर असाच येतो. जाड, टिकाऊ, हातात धरायला बेताचे. भोकं नसलेल्या भागावर पांढरा कागद चिकटवला, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला तेलुगू. मुलं भोकांतून बोट घालून बघतात, एकमेकांकडे डोळा लावतात. विकतच्या कार्डांपेक्षा यांच्यावर त्यांचा जीव जास्त.

29 ऑगस्ट

चूक झाली, ती माझी. तेलुगू शब्द मी देवनागरीतच लिहायला सांगितले होते. एकच लिपी असली तर मुलांवर भार कमी, असा माझा हिशेब. अक्कानं पुठ्ठे चाळले आणि एक पुढं केला. त्यावर ‘मेड’ लिहिलेलं. “काका, ही मान का माडी?” तेलुगूत ऱ्हस्व ए वेगळा आणि दीर्घ ए वेगळा. ऱ्हस्व म्हटला तर मान, दीर्घ म्हटला तर माडीचं घर. देवनागरीत दोन्ही एकच. ओचंही तेच. मुलाला वाचायला देऊन आपणच त्याच्या भाषेतले दोन आवाज पुसत होतो.

साठेक पुठ्ठे बाद केले. तेलुगू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना बोलावलं, ते तेलुगू बाजू तेलुगू लिपीत लिहून देताहेत, अक्षर मोत्यासारखं. त्यांनीच सांगितलं की आज तेलुगू भाषा दिन. गिडुगू राममूर्तींचा जन्म 29 ऑगस्ट 1863 चा. पुस्तकातली तेलुगू लोकांच्या बोलण्यातली असावी म्हणून ते आयुष्यभर झगडले. आणि मला जे माहीत नव्हतं ते: सवरा आदिवासींची भाषा ते स्वतः शिकले, त्यांच्या मुलांसाठी त्याच भाषेत पुस्तकं केली, शाळा चालवल्या. शंभर वर्षांपूर्वी. गुरुजी हे सांगत असताना अक्कानं लिहिणं थांबवलं होतं.

6 सप्टेंबर

कंपनीचं उत्तर: “या आर्थिक वर्षाचं नियोजन झालं आहे.” टॅब्लेटचा प्रस्ताव कायम. आम्ही नाही म्हटलं. मोठ्या बाईंनी नकाराच्या पत्रावर सही केली तेव्हा त्यांचा हात थांबला नाही, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

सप्टेंबरचं मानधन विश्वस्तांपैकी दोघांनी मिळून दिलं. असं दर महिन्याला चालणार नाही.

17 सप्टेंबर

नवी योजना: महिना 200 रुपये देणारी तीस माणसं. अक्काचे 6,000 होतात. बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांपासून सुरुवात केली, मग चादरीचे दुकानदार, दोन डॉक्टर, एक रिक्षावाले. प्रत्येकाला स्पष्ट सांगतो की हा पैसा पगाराला जाणार, वस्तूला नाही.

हिशेबाच्या दोन गोष्टी, 2024 च्या नियमांप्रमाणे, लिहून ठेवतो, पुढच्याला लागतील. एक, पैसे बँकेतूनच घ्यायचे. रोख 2,000 च्या वरच्या देणगीला 80जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची, सवलत नाही, आणि वर्षाचे 2,400 एकरकमी रोख दिले की माणूस सवलतीला मुकतो. दोन, नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावट मिळतच नाही, हे आधीच सांगायचं. सांगितल्यावर एकही माणूस मागं फिरला नाही. देणगीदारांची यादी प्राप्तिकराच्या 10बीडी नमुन्यात 31 मेपर्यंत भरायची असते, तेव्हा पॅन आत्ताच घेऊन ठेवायचे.

आजअखेर अकरा नावं.

4 ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. सकाळी परिपाठात बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी पुठ्ठे द्यायला आले होते, म्हणाले, तेलुगूला 2008 मध्ये मिळाला. मग पुन्हा टाळ्या. माझी मान दोन्ही वेळा ताठ झाली.

बतुकम्मा, तेलंगणातला फुलांचा सण, चालू आहे. मुलींनी अंगणात फुलांची उतरंड रचली, झेंडू, शेवंती, जास्वंद. अक्कानं गाणं धरलं. मराठी बोलणाऱ्या घरच्या चार मुली वर्गात आहेत, त्याही फेरात होत्या आणि शब्द तोंडात येतील तसे म्हणत होत्या. जूनपासून इतर मुलांवर जी वेळ येते ती आज त्यांच्यावर आली होती, फक्त कोणी हसत नव्हतं.

22 नोव्हेंबर

सभेत प्रश्न विचारणारी आई आली. सूप, पानं, कातर, तंबाखूचा डबा सगळं घेऊन. तंबाखू वर्गात नको म्हणून व्हरांड्यात दाराशी बसली. पानं पत्र्याच्या मापावर कापत होती आणि कान आत. तिचा मुलगा उभा राहून म्हणाला, “आई आलं.” एका नव्या शिकाऊ बाईंनी त्याला लगेच अडवलं: “आलं चहात घालतात. आई आली म्हण.”

मधल्या सुट्टीत अक्कानं शिकाऊ बाईंना समजावलं. तेलुगूत पुरुषाला एक क्रियापद, बाईला आणि वस्तूला दुसरं. नान्ना वच्चाडु, वडील आले. अम्मा वच्चिंदि, आई आली. बस्सु वच्चिंदि, बस आली. आई आणि बस एकाच प्रत्ययात. म्हणून पोराला ‘आली’ आणि ‘आलं’ यांत फरकच ऐकू येत नाही, त्याला तो दाखवून द्यावा लागतो. शिकाऊ बाई सगळं वहीत उतरवून घेत होत्या.

ती आई हे सगळं ऐकत होती. तिनं सोलापुरी मराठीत विचारलं, “म्हणजे मी बोललालेलं बी तसंच चुकतंय का?” अक्का म्हणाली, “चुकत नाही गं. तुझं तेलुगूच्या वाटेनं जातंय.” आई खाली बघून हसली आणि पुढची विडी वळायला घेतली. जाताना म्हणाली, पुढच्या शुक्रवारी पण येते.

16 जानेवारी 2025

गड्ड्याच्या जत्रेमुळे आठवडाभर शाळेचं गणित विस्कटलेलं. आज प्रत्येकाला जत्रेतलं एक वाक्य सांगायचं होतं. नंदीध्वज, पाळणा, हरवलेली चप्पल, भजी.

एक लक्षात आलं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यात मुलं चुकतच नाहीत. “आम्ही जत्रेला गेलो. उद्या आपण जाऊ या का, बाई?” अगदी नेमकं. तेलुगूतही असंच आहे: ऐकणाऱ्याला धरून ‘मनम्’, त्याला सोडून ‘मेमु’. ती जाण ही मुलं घरूनच घेऊन येतात. इतके महिने त्यांना काय येत नाही तेच मी लिहीत होतो.

मासिक देणगीदार सव्वीस. डिसेंबरपासून अक्काच्या मानधनाला उशीर झालेला नाही.

27 फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. ‘दार’वाल्या मुलानं अख्खा परिच्छेद वाचला, बोट न ठेवता. तपासणी आम्ही ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या पद्धतीनं करतो: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पहिली-दुसरीच्या एकेचाळीस मुलांपैकी तेवीस परिच्छेद किंवा त्यापुढं आहेत. नऊ शब्दांवर, सात अक्षरांवर अडलेली. दोघं गावी गेली ती परत आलेली नाहीत, घर बंद आहे. त्या सातांपैकी पाच जण पाण्याच्या दिवशी गैरहजर असतात, हजेरीपटावरच्या खुणांवरून हे दिसलं. त्यांच्यासाठी शनिवारी अक्का तासभर जास्त थांबणार.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, पहिली ते चौथीला वर्षाला 1,000 रुपये. त्यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. आमच्या अकरा आयांकडे ते नाही, पानं विडी कारखान्याच्या ब्रँचमधून दुसऱ्या बाईच्या नावावर घेतात. जूनच्या आत ही ओळखपत्रं मिळवायची, हे काम मी माझ्याकडे घेतलंय.

29 मार्च

उद्या पाडवा, आणि उगादी. शाळा अर्धा दिवस. अक्कानं घरून उगादी पच्चडी आणली होती, कडुलिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच, कैरी, तिखट-मीठ. बाईंनी आपल्याकडच्या कडुलिंब-गुळाची गोळी आणली. मुलांनी दोन्ही खाल्लं, तोंडं वाकडी केली, पुन्हा मागितलं.

देणगीदार आज तीस झाले. तिसावं नाव व्हरांड्यात बसणाऱ्या आईचं आहे. मी म्हटलं, तुम्ही नका देऊ, तुमच्यासाठीच तर आहे हे. ती म्हणाली, “दोनशे न्हाई जमणार. वीस लिहा. पण नाव लिहा.” लिहिलं. उरलेले 180 गुरुजी देणार आहेत, दोघांची मिळून एक पावती मागत होते. तशी होत नाही, म्हणून दोन वेगळ्या फाडल्या.

जूनसाठी नवे पुठ्ठे चिकटवायला काढलेत. पहिला ‘दार’ आणि ‘दारम्’चा, तो त्या मुलानं स्वतः रंगवलाय.